वाइन कूलरचा सेन्सर बदलला, तरी पावसाळ्यात तक्रार परत येते तेव्हा

वाइन कूलर १२ अंशांवर लावला आहे, पडद्यावरही १२ दिसतंय, आणि बाटली हातात घेतली तर गारठलेली. किंवा उलट, पडदा १२ म्हणतोय आणि बाटली कोमट. मेकॅनिक येतो, ‘सेन्सर गेलाय’ म्हणतो, नवा बसवतो. हिवाळा-उन्हाळा बरा जातो. जून उलटला की पुन्हा तेच. पुढच्या वर्षी आणखी एक सेन्सर, त्याच्या पुढच्या वर्षी ‘आता बोर्डच बदलावा लागेल’. दादर, माहीम, वांद्रे, वर्सोवा, जिथे समुद्राची हवा थेट घरात शिरते तिथून ही तक्रार हमखास येते, आणि बहुतेक वेळा सेन्सर हकनाक बदनाम झालेला असतो.

बिघाड सेन्सरच्या मण्यात, म्हणजे तापमान ओळखणाऱ्या टोकात, क्वचित असतो. तो त्याच्या वायरच्या जोडात असतो. जोडात ओल शिरते, ओलीमुळे आकडा बदलतो, आणि बोर्ड, म्हणजे कूलर चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट, त्या चुकीच्या आकड्यावर इमानेइतबारे काम करत राहतं. जोड तसाच ठेवून कितीही सेन्सर बदलले तरी पुढच्या पावसाळ्यात तक्रार ठरलेलीच. म्हणून सेन्सर कसा तपासायचा हे खाली सांगतोच, पण जास्त भर जोडावर देणार आहे.

सेन्सर बोर्डाला काय सांगतो

घरगुती वाइन कूलरमध्ये बहुधा एनटीसी जातीचा थर्मिस्टर असतो. दोन बारीक वायरी आणि टोकाला काळा किंवा पांढरा प्लॅस्टिकचा मणी, कधी स्टीलची टोपी. गरम झाला की याचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, कमी होतो, गार झाला की वाढतो. तापमान वाढल्यावर रेझिस्टन्स घटतो हा गुण मायकेल फॅरडेने १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडमध्ये टिपला होता. आजच्या मण्यात धातूंच्या ऑक्साइडचा भाजलेला ठिपका असतो. त्यात हलणारं, झिजणारं काही नसतं, त्यामुळे कोरडा राहिला तर तो वर्षानुवर्षं बरोबर आकडा देतो.

सगळ्यात जास्त दिसणारा सेन्सर ‘टेन के’चा, म्हणजे २५ अंशांना १० किलोओहम (किलोओहम हे रेझिस्टन्सचं माप, थोडक्यात ‘के’). तोच १० अंशांना साधारण १८ ते २० किलोओहम आणि बर्फाच्या पाण्यात, म्हणजे शून्य अंशांना, २७ ते ३३ किलोओहम दाखवतो. एकच आकडा न देता पल्ला देतोय, कारण टेन के सेन्सरांतही वेगवेगळ्या वक्राचे प्रकार आहेत. तो वक्र ‘बीटा’ या आकड्याने ओळखतात, आणि बाजारात ३४३५ आणि ३९५० हे दोन बीटा सर्रास मिळतात. काही कूलरांत ‘फाइव्ह के’चा सेन्सर असतो, त्याचे आकडे याच्या साधारण निम्मे धरा.

इथेच पहिली गडबड होते. दुकानातून ‘टेन केचा सेन्सर द्या’ म्हणून आणला, बसवला, आणि कूलर दोन-तीन अंश चुकीचं दाखवायला लागला. सेन्सर नवा आहे, चांगला आहे, फक्त त्याचा बीटा बोर्डाला अपेक्षित असलेला नाही. २५ अंशांना दोन्ही जातींचा आकडा सारखाच येतो, म्हणून दुकानात मीटर (रेझिस्टन्स मोजणारा मल्टिमीटर) लावून बघितलं तरी फरक कळत नाही. गार होत जावं तसा तो उघडा पडतो. जुन्या सेन्सरचा बर्फातला आकडा लिहून ठेवा आणि नव्याचा त्याच्याशी ताडून बघा. जुना सेन्सर फेकून देण्याआधी एवढं कराच.

मुंबईतच हे जास्त का होतं

पावसाळ्यात घरातली हवा २९ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर दवबिंदू २६ अंशांच्या आसपास येतो. म्हणजे २६ पेक्षा गार असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर त्या हवेतून पाणी सुटणार. कूलरच्या आत १२ अंश असतात. दार उघडलं की बाहेरची हवा आत जाते आणि सगळ्यात गार जागी जाऊन निथळते.

आता सेन्सरची वायर बघा. तिचं एक टोक गार कप्प्यात, दुसरं टोक मागे किंवा वर, उष्ण भागातल्या बोर्डापाशी. दोन्हींच्या मधे ती इन्सुलेशनमधल्या एका भोकातून जाते. ते भोक नीट बुजवलेलं नसेल तर बाहेरची दमट हवा तिथून सतत आत झिरपते आणि वायरवरच पाणी धरतं. वायर उताराला असेल तर थेंब ओघळत थेट जोडापर्यंत किंवा बोर्डाच्या कनेक्टरपर्यंत पोचतो. त्यात समुद्रकाठच्या हवेतला खारटपणा मिसळला की ते पाणी वीज चांगलीच वाहून नेतं, तांब्याच्या तारांवर हिरवा थर चढतो आणि जोड आतून कुजतो. बाहेरून काळी टेप गुंडाळलेली असल्यामुळे हे काहीच दिसत नाही.

हिवाळ्यात तोच जोड वाळतो आणि कूलर आपोआप ‘बरा’ होतो. या बरं होण्यामुळेच सगळी फसगत होते. ऑक्टोबर सरता सरता सेन्सर बदलला, कूलर सुधारला, श्रेय सेन्सरला मिळालं. खरं तर हवा कोरडी झाली होती. तुमची तक्रार पावसाबरोबर येत-जात असेल तर मीटर हातात घेण्याआधीच जोडावर संशय धरायला हरकत नाही.

गारठतंय की कोमट राहतंय, आधी हे ठरवा

बिघाड कुठल्या दिशेचा आहे यावरून दोष कुठे आहे हे बरंचसं कळतं, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

दोन वायरींच्या मधे ओल शिरली की वीज सेन्सरला वळसा घालून त्या ओलीतूनही थोडी वाहते. बोर्डाला दिसणारा रेझिस्टन्स खऱ्यापेक्षा कमी होतो. कमी रेझिस्टन्स म्हणजे जास्त तापमान, असा बोर्डाचा समज. मग ते कॉम्प्रेसर चालवतच राहतं आणि बाटल्या गारठतात. आकड्यात सांगायचं तर ३४३५ बीटाच्या टेन के सेन्सरला समांतर फक्त १०० किलोओहमची ओल शिरली, तर १२ अंशांवर लावलेला कूलर प्रत्यक्षात आठ अंशांच्याही खाली जाऊन थांबतो. आणि पडद्यावर १२ च दिसतात, कारण पडदाही त्याच फसलेल्या आकड्यावर चालतो.

जोड गंजून तारांची पकड सुटायला लागली, तर उलट होतं. सेन्सरच्या रेझिस्टन्समध्ये गंजाचा रेझिस्टन्स मिळवला जातो, बोर्डाला वाटतं आत जास्त गार आहे, आणि कॉम्प्रेसर लवकर बंद होतो. असा दोन किलोओहमचा गंज जोडात बसला की १२ चे प्रत्यक्षात १५ होतात. वायर पूर्ण तुटली किंवा दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या, तर बहुतेक कूलर सरळ एरर कोड दाखवतात. ते कोड कंपनीगणिक वेगळे असतात, तुमच्या मॉडेलचं माहितीपत्रक काढून बघा. एरर कोड येणं ही एका अर्थी चांगली बातमी समजा, कारण कूलरला स्वतःला दोष कळलेला असतो. ज्यात कोड येत नाही आणि आकडा मात्र खोटा असतो, तो दोष वाइन खराब करतो.

बाटल्याही थोडं सांगतात. पांढऱ्या वाइनच्या तळाशी किंवा बुचाच्या आतल्या बाजूला साखरेसारखे चमकणारे खडे दिसले तर घाबरू नका, ते टार्टारिक आम्लाचे क्षार आहेत आणि पिण्यात आले तरी अपायकारक नाहीत. पण ते गारठ्यात बाहेर पडतात. कूलरमध्ये ठेवण्याआधी नसलेले खडे महिन्या-दोन महिन्यांत दिसू लागले, तर बाटली तुम्ही लावलेल्या आकड्यापेक्षा बरीच गार झाली असावी. लेबलं ओली होऊन सुटायला लागणं, त्यांवर बुरशी येणं, ही दाराचं रबर किंवा मागचं भोक हवा आत सोडत असल्याची खूण.

उघडण्याआधी खरं तापमान मोजा

पडद्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नसेल तर दुसरा आकडा हवा. पेलाभर पाणी मधल्या फळीवर ठेवा, त्यात स्वयंपाकघरातला डिजिटल थर्मामीटर बुडवून ठेवा आणि एक दिवस दार शक्य तितकं कमी उघडा. हवेचं तापमान कॉम्प्रेसरच्या चालू-बंद होण्याबरोबर वर-खाली होतं. पाणी, बाटलीतल्या वाइनसारखंच, सरासरी दाखवतं. एखाद-दुसऱ्या अंशाचा फरक सोडून द्या. तीन अंशांच्या वर फरक दिसला तरच पुढे जा. त्याआधी थर्मामीटर खरा आहे का तेही बघा. बारीक केलेला बर्फ आणि थोडं पाणी ढवळून त्यात बुडवला की त्याने शून्य दाखवायला हवं.

याच वेळी सेन्सरशी संबंध नसलेली कारणं बाजूला काढा. दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा; सहज निसटली तर तिथून हवा जाते. आतला पंखा फिरतो का बघा, कारण तो थांबला की वरची फळी कोमट आणि खालची गार होते आणि सेन्सर बिचारा एकाच जागेची खबर देत राहतो. मागची जाळी धुळीने भरली असेल तर ब्रशने साफ करा. मुंबईतल्या मॉड्युलर किचनमध्ये कूलर ओट्याखाली घट्ट कोंबलेला असतो आणि मागे हवा खेळायला जागाच नसते. मागून हवा काढणारा कूलर असा ठेवला की कुठलाही सेन्सर त्याला वाचवू शकत नाही. समोरून हवा काढणारा असेल तर खालची जाळी फळीने झाकली गेलेली नाही ना, ते तपासा.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो, कारण उन्हाळ्यात तिच्यामुळे पुष्कळ सेन्सर विनाकारण बदलले जातात. लहान, आवाज न करणारे बरेच कूलर कॉम्प्रेसरवर नव्हे, तर पेल्टिए चकतीवर चालतात. जाँ पेल्टिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३४ मध्ये दाखवलेला हा परिणाम: दोन वेगळ्या धातूंच्या जोडातून वीज गेली की एक बाजू गार आणि दुसरी गरम होते. असा कूलर खोलीच्या तापमानापेक्षा साधारण १५ ते २० अंश खाली जाऊ शकतो, त्याहून फार नाही. मे महिन्यात स्वयंपाकघर ३५ वर गेलं तर तो १५-१६ वर अडकणारच. पडदाही १५-१६ दाखवत असेल तर सेन्सर खरं बोलतोय. कॉम्प्रेसरचा कूलर घेताना मागच्या पट्टीवरचा हवामान-वर्ग वाचा: ‘एन’ लिहिलं असेल तर तो ३२ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलाय, ‘एसटी’ ३८ पर्यंत, ‘टी’ ४३ पर्यंत. मुंबईत ‘एन’चा कूलर एसीविना ठेवणं म्हणजे त्याला वर्षातले कित्येक महिने ताकदीबाहेर राबवणं.

आता मीटर

वॉरंटी चालू असेल तर इथे थांबा आणि कंपनीच्या माणसाला बोलवा. नसेल तर पुढे जा, पण प्लग काढून, नुसता स्विच बंद करून नव्हे. बोर्डावर वीजपुरवठ्याचा जाडसर कपॅसिटर असतो, त्यात प्लग काढल्यावरही काही वेळ तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात. पाच-दहा मिनिटं थांबा आणि त्या भागाला हात लावू नका. तुम्हाला फक्त सेन्सरचा दोन पिनांचा कनेक्टर हवा आहे. आतल्या भिंतींत स्क्रू घालू नका, भोक पाडू नका. भिंतीमागे गॅसच्या नळ्या असतात, आणि बऱ्याच कूलरांत आर-६०० ए म्हणजे आयसोब्युटेन असतो, जो पेट घेतो. हे करायची सवय नसेल तर ओळखीच्या मेकॅनिकला बोलवा आणि ही पद्धत त्याला दाखवा.

कनेक्टर बोर्डावरून काढा आणि मीटर सेन्सरच्या दोन वायरींना लावा. मुंबईच्या घरात मणी ३० अंशांना असणार, त्यामुळे टेन केचा चांगला सेन्सर १० नाही, ८ किलोओहमच्या आसपास दाखवेल. ‘दहाचा सेन्सर आठ दाखवतोय, गेला’ असं म्हणून चांगला सेन्सर काढून टाकला जाताना मी पाहिलंय, आणि त्याचं वाईट वाटतं. मणी चिमटीत धरून मोजू नका, बोटांच्या उबेने आकडा आणखी खाली येतो.

मग मणी बर्फाच्या पाण्यात बुडवा, दहा मिनिटं थांबा, मधूनमधून ढवळा. इथे मीटरची एक खोड आहे. साधा डिजिटल मीटर २० के च्या पल्ल्यावर असेल तर २७ किलोओहमला तो डावीकडे नुसता ‘१’ दाखवतो, आणि वायर तुटल्यासारखं वाटतं. पल्ला २०० के वर न्या. आता २७ ते ३३ च्या दरम्यान स्थिर आकडा आला पाहिजे.

आकडा स्थिर नसेल, हळूहळू सरकत असेल, तर खरी तपासणी इथे सुरू होते. मीटरच्या दोन्ही दांड्या आपसात बदलून मोजा. थर्मिस्टरला उलट-सुलट नसतं, दोन्ही बाजूंनी आकडा सारखाच यायला हवा. फरक आला तर मधे कुठेतरी ओला, गंजलेला जोड आहे. ओल आणि दोन धातू मिळून तिथे चिमुकली बॅटरी तयार झालेली असते आणि ती मीटरला फसवते.

मग मणी बर्फातच ठेवा, आणि हेअर ड्रायरची मंद गरम हवा फक्त जोडावर सोडा. मण्याचं तापमान बदललेलं नाही, म्हणजे आकडाही बदलायला नको. तो हळूहळू वर चढला तर जोडातली ओल वाळते आहे, मणी निर्दोष आहे. जोड वाळवूनही आकडा बरोबर येत नसेल तर मण्याच्या मागे, वायर जिथे आत शिरते तिथून पाणी गेलेलं असू शकतं. तेव्हा मात्र सेन्सर बदलायलाच हवा. वायर ठिकठिकाणी हलकेच वाकवूनही बघा. एखाद्या जागी आकडा उडी मारत असेल तर तार तिथे आतून तुटली आहे. बोर्डाच्या मागे ऊब असते म्हणून झुरळं तिथे वस्ती करतात, त्यांनी कुरतडलेली वायरही याच तपासणीत सापडते.

बोर्डावर संशय असेल तर ते तपासायला लॅमिंग्टन रोडवरच्या कुठल्याही सुट्या भागांच्या दुकानात मिळणारे साधे रेझिस्टर, म्हणजे ठरावीक रेझिस्टन्सचे छोटे भाग, पुरतात. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरलात की हा रस्ता अगदी जवळ. पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असलं तरी दुकानदार लॅमिंग्टनच म्हणतात. १० के आणि १८ के असे दोन रेझिस्टर, एक टक्का अचूकतेचे घ्या. प्लग काढलेला असतानाच सेन्सरच्या जागी कनेक्टरमध्ये १० के लावा, झाकण बंद करा, मग कूलर चालू करा. पडद्यावर २५ च्या आसपास आकडा यायला हवा. १८ के ला १० ते १२ यायला हवेत. काही कूलर ठरावीक पल्ल्याबाहेरचा आकडा दाखवतच नाहीत, तिथे १८ के चीच चाचणी उपयोगी. दोन्ही आकडे बरोबर आले तर बोर्ड ठीक आहे आणि ते बदलायचा खर्च वाचला. चुकीचे आले तर आधी बोर्डावरच्या कनेक्टरच्या पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करून पुन्हा बघा. प्रत्येक वेळी कूलर बंद केल्यावर पाच मिनिटं थांबूनच चालू करा, नाहीतर कॉम्प्रेसरवर ताण येतो.

दोन कप्प्यांचा कूलर असेल तर आणखी सोपं. वरच्या आणि खालच्या कप्प्याचे सेन्सर बहुधा एकाच जातीचे असतात. बोर्डावर त्यांचे कनेक्टर आपसात बदला. चुकीचा आकडा दुसऱ्या कप्प्याच्या नावावर गेला तर दोष सेन्सर किंवा त्याच्या वायरीत. जागचा हलला नाही तर बोर्डात. कॉम्प्रेसरच्या काही कूलरांत इव्हॅपोरेटरला, म्हणजे कप्पा गार करणाऱ्या नळ्यांना, बांधलेला आणखी एक सेन्सर असतो, तो बर्फ वितळवण्यासाठी. मागच्या भिंतीवर बर्फाचा थर धरत असेल तर त्याच्याकडे बघा.

जोड असा करा की पुन्हा उघडायला लागू नये

तारा पिळून वर काळी टेप गुंडाळणं, हे या सगळ्या दुखण्याचं मूळ आहे. दमट हवेत टेपचा गोंद पातळ होतो, कडा सुटतात आणि आत पाणी अडकून राहतं. नवा सेन्सर असा जोडणारा मेकॅनिक पुढच्या पावसाळ्याची तक्रार आजच लिहून जातो.

आधी हिरवी पडलेली तार कापून टाका, आतलं तांबं लखलखीत दिसेपर्यंत मागे जा. गंज कधी कधी इन्सुलेशनच्या आतून बराच लांब गेलेला असतो, तिथे हात आखडता घेऊ नका. दोन्ही वायरींचे जोड एकाच जागी समोरासमोर येऊ देऊ नका. एक पुढे, एक मागे, निदान दोन-तीन सेंटिमीटर अंतरावर. मग पाणी शिरलंच तरी दोन जोडांच्या मधे ते पूल बांधू शकत नाही. तारा सोल्डर करा, साध्या रोझिनच्या सोल्डरने. पत्र्याच्या कामाचं आम्लाचं फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात ते) वापरू नका, ते नंतर तांबं खातं. सोल्डरिंग घराबाहेर किंवा खिडकीपाशी करा, कूलरच्या आत नको. प्रत्येक जोडावर आतून गोंद असलेली हीटश्रिंक (गरम केल्यावर आकसणारी) नळी चढवा आणि गोंद कडेने थोडा बाहेर येईपर्यंत गरम करा. दोन्हींच्या वर तशीच एक मोठी नळी. साधी, बिनगोंदाची हीटश्रिंक दिसायला तीच असते, पण ती पाणी अडवत नाही, म्हणून दुकानात नीट मागून घ्या.

वरून सिलिकॉन लावायचं असेल तर ते न्यूट्रल प्रकारचं घ्या. नळ-सिंकाच्या कामाला वापरतात ते, ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो, ते सुकताना ॲसेटिक आम्ल सोडतं आणि तांब्याला गंज लावतं. जोड वाचवायला म्हणून लावलेलं तेच सिलिकॉन जोड कुजवतं. वायर जिथून कप्प्यात शिरते ते भोकही याच न्यूट्रल सिलिकॉनने पूर्ण बुजवा. मला विचाराल तर या एका कामाने निम्मं दुखणं जातं, आणि नेमकं तेच कुणी करत नाही. जोड शक्यतो त्या भोकाच्या उष्ण बाजूला, बोर्डाजवळ ठेवा. गार कप्प्यात कधीच नको. बोर्डाकडे वायर नेताना तिला खाली एक झोल द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी झोलाच्या तळाशी टपकेल, वर कनेक्टरपर्यंत चढणार नाही. कनेक्टरच्या पिनांवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा.

मणी मूळ जागीच, मूळ क्लिपमध्ये बसवा. बाटलीला टेकलेला, भिंतीला चिकटलेला किंवा पंख्याच्या तोंडाशी लोंबणारा मणी तपासणीत निर्दोष ठरतो आणि तरीही खोटं सांगतो. जुना मणी फोमच्या आत गाडलेला असेल तर तो उकरायला जाऊ नका. त्याची वायर बोर्डाकडे तोडून वेगळी करा आणि नवा मणी मधल्या फळीच्या उंचीवर, हवा फिरते तिथे क्लिपने बसवा. अशा वेळी स्टीलच्या टोपीचा, आतून इपॉक्सी भरलेला सेन्सर घ्या आणि टोपीचं वायरीकडचं तोंड खाली येईल असा लावा, म्हणजे पाणी आत साचत नाही.

बसवण्याआधी जोड पूर्ण झालेला सेन्सर, जोडासकट, मीठ घातलेल्या बर्फाच्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा, फक्त कनेक्टर बाहेर. मिठाने पाणी शून्याच्या खाली जातं, त्यामुळे आकडा २७ ते ३३ च्या वर गेला तर चालेल; तो एकदा टेकला की स्थिर राहायला हवा आणि दांड्या उलटून मोजला तरी तोच यायला हवा. तो घसरत गेला तर जोडातून पाणी शिरतंय. तेव्हा तो जोड कापून नवा करा. समुद्राची हवा मिठाच्या पाण्यापेक्षा हळू काम करते, पण काम तेच करते. चाचणीत उतरला की साध्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून मगच बसवा.

शेवटी बर्फातला आणि खोलीतला आकडा, बीटा आणि तारीख एका चिठ्ठीवर लिहून ती बोर्डाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. पुढचा मेकॅनिक कोणीही असो, ‘सेन्सर गेलाय’ म्हणण्याआधी त्याला ताडून बघायला काहीतरी राहील.

दुरुस्ती चालू असताना बाटल्यांचं काय, हा प्रश्न येतोच. काही दिवसांसाठी घरातल्या फ्रिजचा भाजीचा कप्पा चांगला: तिथे अंधार असतो, बाटल्या आडव्या राहतात. नाशिकची पांढरी शेनिन असो की लाल शिराझ, आठवड्याभराच्या गारव्याने तिचं काही बिघडत नाही. स्वयंपाकघरातल्या ३४-३५ अंशांनी मात्र बिघडतं. फ्रीझर टाळा. साडेबारा टक्के अल्कोहोलची वाइन उणे पाच-सहा अंशांच्या आसपास गोठायला लागते आणि बूच वर ढकललं जातं. कूलर जोडून झाला की तो रिकामाच चालू करा, पेलाभर पाण्यातला थर्मामीटर आत ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा आणि पडद्याचा आकडा एखाद्या अंशाच्या आत जुळला की बाटल्या परत लावा.